सांध्यावरची माणसं

सोनचाफा पुरता उमलू दिला, तर बागायतदाराचा दिवस बुडालाच समजा. वसईच्या पश्चिमेला नाळे, निर्मळ, भुईगाव, वाघोली, आगाशी या गावांच्या वाड्यांमध्ये म्हणूनच कळी सुटायच्या बेतात असतानाच खुडतात. देठाशी नख लावायचं, पाकळीला बोट लागू द्यायचं नाही. जिथे बोट दाबतं तिथे थोड्या वेळात तपकिरी डाग उमटतो, आणि डागाळलेलं फूल ना कुणी देवाला वाहत, ना केसांत माळत. टोपलीत फुलं दाबून भरली तर खालचा थर घामेजतो. सैल भरली तर रिक्षाच्या हादऱ्यांनी पाकळ्या एकमेकींवर घासतात. किती भरायची हे कुठे लिहून ठेवलेलं नसतं, हाताला ते माहीत असतं.

तिथून पुढे वेळेची गाठ असते ती लोकलशी. विरार, नालासोपारा किंवा वसई रोड स्टेशनवर टोपल्या पोचतात, पहाटेच्या गाडीच्या लगेजच्या डब्यात चढतात आणि दादरला उतरतात. स्टेशनला लागूनच मीनाताई ठाकरे फूलबाजार आहे. तिथे उजाडेपर्यंत घाऊक सौदे आटोपत आलेले असतात. मग तीच फुलं हारवाल्यांकडे, गजरेवाल्यांकडे, देवळांबाहेरच्या पाट्यांवर जातात, आणि ऑफिसला निघालेली एखादी बाई नऊच्या सुमारास पार्ल्याला किंवा गिरगावात त्यातली दोन विकत घेते. संध्याकाळी उरलेल्या फुलाची किंमत शून्य.

या प्रवासात शीतगृह नाही, बारकोड नाही, माल कुठे पोचला हे दाखवणारा नकाशा नाही. तरी माल पोचतो, आणि विकण्याजोग्या अवस्थेत पोचतो. याचं श्रेय लोक कष्टाला देतात आणि कष्ट आहेतच. पण कष्ट तर तोट्यात जाणाऱ्या धंद्यांतही असतात. दादरच्या फुलबाजारात माल घेऊन उभा असतो तो पुष्कळदा बागायतदार स्वतः, किंवा त्याचा भाऊ, भावजय, शेजारी. झाड कसं आहे हे त्याला ठाऊक असतं आणि गिऱ्हाईक काय म्हणतं हे तो कानाने ऐकतो. ‘काल तळाची फुलं दबली होती’ असं घाऊक व्यापारी म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी टोपली वेगळी भरली जाते. चूक आणि दुरुस्ती यांच्यात एका रात्रीचं अंतर. मोठमोठ्या कंपन्यांमध्ये हेच अंतर एका तिमाहीचं असतं.

या प्रकरणात मला सांगायचं आहे ते एवढंच: पुरवठा साखळी तुटते ती कड्यांमध्ये क्वचित, दोन कड्यांच्या सांध्यावर नेहमी. आणि सांधा टिकवतो तो दोन्ही बाजू माहीत असलेला माणूस. या क्षेत्रातलं सगळं व्यावसायिक शिक्षण, सगळ्या उत्तम पद्धती, शेवटी अशी माणसं तयार करतात की नाही यावर तपासायला हव्यात.

‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हा शब्दप्रयोग लोकांपुढे आला १९८२ मध्ये, कीथ ऑलिव्हर या ब्रिटिश सल्लागाराच्या तोंडून. तोवर खरेदी, साठा, उत्पादन, वाहतूक हे कारखान्यातले वेगवेगळे विभाग होते आणि त्यांचे साहेब एकमेकांवर खापर फोडत. ऑलिव्हर यांचं म्हणणं असं की कच्च्या मालापासून गिऱ्हाइकापर्यंतची वाट एकच आहे, ती एकत्रच पाहायला हवी. या वाटेवरून तीन गोष्टी वाहतात: माल पुढे जातो, पैसा मागे येतो, आणि माहिती दोन्हीकडे जाते. फुलबाजारात या तिन्ही गोष्टी एकाच ओट्यावर, एकाच वेळी या हातातून त्या हातात जातात. फुलं दिली, नोटा मोजल्या, उद्या किती आणायची ते ठरलं. उद्योग मोठा झाला की त्या वेगळ्या होतात. माल आज ट्रकने जातो, पैसा नव्वद दिवसांनी येतो, आणि माहिती कुणाच्या तरी मेलमध्ये पडून राहते. पुढची बहुतेक दुखणी इथून सुरू होतात.

वसईला हा व्यवहार नवा नाही. आजचं नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात या बंदराचं नाव आहे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप खणला. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ मध्ये नवव्याचा, तो भुईगावात. रेल्वेचा रूळ १८६४ मध्ये वसईची खाडी ओलांडून मुंबईला भिडला आणि १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली. तेव्हापासून वसईची केळी, भाजी, दूध, मासळी, विड्याची पानं यांचं गणित गाडीच्या वेळापत्रकावर बसलं. जी केळी पिकून उतू जात त्यांची सुकेळी होत. आगाशीच्या राजेळी केळ्यांची सुकेळी उन्हात वाळवून महिनोन्महिने टिकायची. नाशवंत मालाला आयुष्य देण्याची ही युक्ती, आजच्या भाषेत प्रक्रिया उद्योग. आणि या सगळ्याच्या मुळाशी होती बावखलं, वाडीतली गोड्या पाण्याची तळी. पावसाचं पाणी त्यांत साठे आणि त्यावर बागा पोसत. साखळीतला पहिला साठा तो. बांधकामाच्या रेट्यात कितीतरी बावखलं बुजवली गेली, आणि याची जेवढी खंत शहरात व्हायला हवी तेवढी होत नाही.

आता गजरेवालीचा प्रश्न घेऊ, कारण जगभरच्या अभ्यासक्रमात तो पहिल्या काही पाठांत असतो. समजा एक गजरा तिला दहा रुपयांना पडतो आणि ती तो पंचवीसला विकते. संध्याकाळी उरला तर फेकायचा. सकाळी तिने किती घ्यावेत? सरासरी विक्री चाळीसची असेल तर बहुतेक जण म्हणतील, चाळीस. हिशेब वेगळं सांगतो. एक गजरा कमी पडला तर तिचा पंधरा रुपयांचा नफा हुकतो. एक उरला तर दहा रुपये बुडतात. पंधराला पंचवीसने भागलं की ०.६ येतात. म्हणजे दहापैकी सहा दिवस मागणी पुरी पडेल इतका माल घ्यावा, सरासरीपेक्षा थोडा जास्त. गजरा वीस रुपयांना पडत असता तर हाच आकडा ०.२ झाला असता आणि शहाणपण सरासरीपेक्षा बरंच कमी घेण्यात असतं. फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये असाच विचार बँकेने किती रोकड हाताशी ठेवावी यासाठी मांडला होता. पुढे वर्तमानपत्रं विकणाऱ्या पोऱ्याच्या नावाने तो ओळखला जाऊ लागला. अनुभवी गजरेवाली भागाकार करत नाही, पण भाव चढला की घेते कमी आणि उतरला की जास्त, मागणी तीच असली तरी. बऱ्याच खरेदी अधिकाऱ्यांना हे जमत नाही. त्यांना माल संपला तर बोलणी बसतात, उरला तर कुणी विचारत नाही. म्हणून गोदामं फुगतात.

दसऱ्याचा झेंडू हा याहून अवघड धडा. झेंडू बहुतेक घाटावरून येतो, पुणे, सातारा, नाशिककडून. एका वर्षी भाव चढला की पुढच्या हंगामात लावण वाढते. व्यापारी तुटवड्याच्या भीतीने गरजेपेक्षा जास्त माल सांगून ठेवतात, त्यांच्यामागचा अडत्या त्यात आणखी भर घालतो, आणि दसऱ्याच्या दुपारी दादरच्या फुटपाथवर केशरी ढीग पडून राहतात. मुंबईतल्या दारांची संख्या एका वर्षात दुप्पट झालेली नसते. तोरणं साधारण तेवढीच लागतात. हेलकावा तयार होतो तो मधल्या माणसांच्या अंदाजांतून. जे फॉरेस्टर या एमआयटीतल्या प्राध्यापकाने १९६१ मध्ये ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ या पुस्तकात हे गणिताने दाखवलं. दुकानातली मागणी जराशी हलली तरी कारखान्यापर्यंत पोचेतो ती लाट होते. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला हेच बाळांच्या डायपरमध्ये दिसलं. बाळं रोज तितकीच लंगोटं भिजवतात, पण कंपनीकडे येणाऱ्या ऑर्डरी मात्र उड्या मारतात. औषध साधं आहे आणि कडू आहे: खरी विक्री किती झाली हे सगळ्यांना कळू द्या. कडू अशासाठी की माहिती दडवून ठेवण्यात मधल्या प्रत्येकाला आपला फायदा वाटतो.

एमआयटीत यासाठी एक खेळ शिकवतात. चार जण बसतात, एक दुकानदार, एक घाऊक व्यापारी, एक वितरक, एक कारखानदार. बोलायचं नाही, फक्त ऑर्डरच्या चिठ्ठ्या पुढे सरकवायच्या. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच थोडी वाढते आणि तशीच राहते. तासाभरात चौघांचे साठे वाऱ्यावर गेलेले असतात आणि प्रत्येक जण शेजाऱ्याला दोष देत असतो. हा खेळ कागद-पेन्सिलीवर, शाळेच्या वर्गातही खेळता येतो. लघुउद्योजकांच्या संघटनांनी आपल्या सभासदांकडून तो एकदा खेळून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. तासाभरात जे उमगतं ते दहा व्याख्यानांत उमगत नाही.

आता वसईत रूळ ओलांडून पूर्वेला या. वालीव, सातिवली, गोखिवरे, गोलाणी नाका. इथे वाड्या नाहीत, गाळे आहेत. औषध कारखान्यांना लागणारी यंत्रं, स्टेनलेस स्टीलचं फॅब्रिकेशन, डाय आणि मोल्ड, प्लास्टिकचे सुटे भाग, पॅकिंगचं साहित्य. एखाद्या यंत्राचा सांगाडा एका गाळ्यात, पॉलिश दुसऱ्यात, पॅनेलची वायरिंग तिसऱ्यात, अशी जॉबवर्कची जाळी पसरलेली. माल दिवसभर चलनावर छोट्या टेम्पोंतून इकडून तिकडे फिरत असतो. म्हणजे सांधेच सांधे.

अशा गाळ्यात साखळीचं व्यवस्थापन बघणाऱ्या माणसाचं पद ‘मॅनेजर’ नसतं. तो स्टोअरकीपर असतो. बारावी झालेला किंवा बी. कॉम. अर्धवट सुटलेला, नालासोपाऱ्याच्या एखाद्या चाळीत राहणारा, आवकीच्या रजिस्टरपासून टॅलीतल्या नोंदीपर्यंत सगळं आपलं आपण शिकलेला. त्याच्या रॅकपाशी उभं राहिलं की या शास्त्राचा पाया दिसतो. बिन कार्डवर एका जातीची १२ बेअरिंगं लिहिलेली आहेत, रॅकवर आहेत ७. तीन रात्रपाळीच्या फिटरने नेली आणि चिठ्ठी लिहायची राहिली. दोन गिऱ्हाइकाकडून परत आलेली, पण दुसऱ्याच खणात ठेवलेली. संगणक मात्र अजून १२ म्हणतोय, त्या भरवशावर मालक पुढची तारीख कबूल करतोय, आणि आठवड्याने यंत्र पाच बेअरिंगांसाठी अडून राहणार आहे. सॉफ्टवेअर कितीही महाग घेतलं तरी ही पाच बेअरिंगं ते शोधून देत नाही. ज्या गाळ्यात रॅक आणि रजिस्टर जुळत नाही तिथे पुढच्या कुठल्याही सुधारणेला अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

नोंद जुळली की मग ‘कधी मागवायचं’ हा प्रश्न. एखादा नट-बोल्टचा संच दिवसाला २० लागतो आणि माल यायला ६ दिवस लागतात, तर १२० हाताशी असतानाच ऑर्डर जायला हवी. उशीर होण्याची सोय म्हणून वर ४० धरले तर १६०. हे लक्षात कोण ठेवणार? म्हणून दोन डब्यांची पद्धत. मागच्या डब्यात १६० मोजून ठेवायचे, वापर पुढच्या डब्यातून करायचा. पुढचा डबा रिकामा झाला की तोच डबा खरेदीच्या टेबलावर नेऊन ठेवायचा, ऑर्डर निघाली. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी जी कानबान पद्धत उभी केली तिचं हे सगळ्यात साधं भावंड आहे. फक्त ते ६ दिवस पुरवठादाराने फोनवर सांगितलेले नकोत. मागच्या दहा खेपांची ऑर्डरची तारीख आणि माल आल्याची तारीख लिहून काढा, खरा आकडा त्यातून निघतो, आणि तो बहुधा सहा नसतो.

एका वेळी किती मागवायचं याचं सूत्र १९१३ चं आहे. फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनियरने ते एका कारखानाविषयक मासिकात लिहिलं. थोडं थोडं मागवलं तर ऑर्डरचा आणि वाहतुकीचा खर्च वाढतो, एकदम मागवलं तर पैसा रॅकवर अडकतो. या दोन खर्चांचा मेळ बसतो ती मात्रा योग्य. आज जगातल्या प्रत्येक अभ्यासक्रमात हे सूत्र असतं. हॅरिस मात्र कॉलेजात गेलेले नव्हते. जे काही शिकले ते कामावर शिकले. त्यानंतर १९५१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधून ‘एबीसी’ वर्गवारी आली: थोड्याच वस्तूंमध्ये बहुतेक पैसा अडकलेला असतो, त्यांच्यावर रोज नजर ठेवा, बाकीच्यांसाठी दोन डबे पुरेत. दोन्ही कल्पना कारखान्यात जन्मल्या, आणि ज्यांनी मांडल्या त्यांना रॅकपाशी काय चाललंय याची जाण होती.

पैशाच्या उलट्या प्रवाहाबद्दल बोलायला हवं, कारण गाळेवाल्याचा गळा तिथेच आवळला जातो. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे कराराने ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही लांबवली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही दात आले. मुदतीत पैसे न देणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाला त्या वर्षी तो खर्च वजा करून मिळत नाही. तरीही कितीतरी गाळेवाले उद्यम नोंदणीचा क्रमांक बिलावर छापतसुद्धा नाहीत. गिऱ्हाईक दुखावेल ही भीती खरी आहे. पण पुरवठादाराला वेळेवर पैसे देणं ही दयेची बाब नाही. ज्याचे पैसे अडकले तो कच्चा माल हलका घेतो, कारागीर कमी करतो, आणि ती घसरण सहा महिन्यांनी त्याच गिऱ्हाइकाच्या यंत्रात उमटते. खरेदी विभागातल्या माणसाला हे उमजावं म्हणून त्याला पुरवठादाराच्या गाळ्यात चार दिवस बसवायला हवं.

३० जून २०१७ च्या मध्यरात्री मुंबईची जकात गेली आणि दहिसर नाक्यावरची जकातीसाठीची ट्रकांची रांग एका रात्रीत इतिहासजमा झाली. एक सांधा कायमचा निघाला. पण वसईहून निघालेल्या मालाची वाट अजून महामार्ग आणि खाडीवरचा पूल यांच्याच हाती आहे. २०१३ च्या अखेरीस जुन्या वर्सोवा पुलाच्या गर्डरला तडा गेला, अवजड वाहनं बंद झाली, आणि २०१६ मध्ये हाच प्रसंग पुन्हा ओढवला. १० जुलै २०१८ ला पावसाने नालासोपाऱ्याचे रूळ बुडवले, विरार-वसईची लोकल थांबली, मिठागरांतली माणसं अडकली, वीज गेली. त्या दिवशी फुलंही अडली आणि गाळ्यातले कामगारही.

अशा प्रसंगी काय करायचं याचं एक उदाहरण मी नेहमी सांगतो. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये करिया इथल्या आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकला लागणारा, हातात मावेल एवढा एक व्हॉल्व्ह जवळजवळ पूर्णपणे तिथेच बनत असे. टोयोटाकडे साठा जेमतेम तासांचा. मोटारींचं उत्पादन थांबलं. मग आयसिनने आपली रेखाचित्रं इतरांना दिली आणि दोनशेच्या आसपास छोट्या-मोठ्या कारखान्यांनी, ज्यांनी हा भाग कधी बनवला नव्हता त्यांनीसुद्धा, आपापल्या यंत्रांवर तो काढायला घेतला. आठवड्याभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. करारावर सह्या करायला कुणी थांबलं नाही. हे जमलं ते वर्षानुवर्षं एकमेकांच्या कारखान्यात जाऊन काम पाहिल्यामुळे. वालीवमध्ये शेजारच्या गाळ्यात कुठलं लेथ आहे आणि ते कोण चालवतं हे मालकाला ठाऊक असणं, ही आपत्तीच्या दिवशीची खरी तयारी.

डबेवाल्यांचा उल्लेख इथे टाळता येणार नाही. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही व्यवस्था मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडच्या माणसांनी वाढवली, आणि पश्चिम रेल्वेवर तिची टोकं विरारपर्यंत पोचली. डब्याच्या झाकणावरच्या खुणा, रंग, आकडे यांचं कौतुक पुष्कळ झालं आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन थॉम्के यांनी २०१० मध्ये त्यांच्यावर जो अभ्यास केला, त्यात मला महत्त्वाची वाटते ती गटाची रचना. प्रत्येक गटात गरजेपेक्षा काही माणसं जास्त असतात. कुणी आजारी पडला, डबा चुकला, गाडी हुकली, तर हा मोकळा हात पुढे होतो. आणि गटातल्या माणसाला दुसऱ्याची वाटही येते. काटकसरीच्या नावाखाली उद्योगांनी आधी काढून टाकला तो हाच जास्तीचा हात. २०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद पडली तेव्हा मात्र डबेवाल्यांचा कणाच मोडला, आणि ही व्यवस्था पूर्वीसारखी उभी राहिलेली नाही. एकाच वाहतुकीवर सगळी भिस्त असल्याची किंमत त्यांनी मोजली.

मग शिकायचं कुठे? पवईची नीटी ही संस्था १९६३ मध्ये उभी राहिली, २०२३ पासून ती आयआयएम मुंबई आहे आणि या विषयात देशात तिचा दबदबा आहे. बेलापूरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट आहे, अंधेरीला १९६६ पासूनची पॅकेजिंगची राष्ट्रीय संस्था. परदेशी प्रमाणपत्रांत १९५७ साली ‘एपिक्स’ म्हणून सुरू झालेल्या आणि आता ‘एएससीएम’ नाव घेतलेल्या संस्थेच्या सीपीआयएम, सीएससीपी या परीक्षा जगभर मानतात. स्वयम आणि एनपीटीईएलवर पाठ फुकट ऐकता येतात. नोकरी बदलायची असेल, मोठ्या कंपनीत जायचं असेल, तर ही प्रमाणपत्रं दार उघडतात. ती जरूर घ्यावीत.

पण हे जवळजवळ सगळं इंग्रजीत आहे आणि व्यवस्थापकासाठी आहे. स्टोअरकीपर, डिस्पॅचचा पोरगा, टेम्पोवाला, माथाडी यांच्यासाठी मराठीत फारसं काही नाही, आणि साखळी रोज हातात असते ती यांच्याच. महामार्गावर घोडबंदरच्या फाट्याला किती वाजता कोंडी होते हे ड्रायव्हरला तंतोतंत माहीत असतं. गाडी किती वाजता सोडायची हे ठरवताना त्याला कुणी विचारत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आणि २०१६ पासूनच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेतून गाळेवाल्यांना शिकाऊ मुलं घेता येतात, त्यांच्या विद्यावेतनाचा काही भार सरकार उचलतं. अशा मुलाला वर्षभर एकाच रॅकपाशी उभं न करता तीन महिने आवकीवर, तीन खरेदीत, तीन डिस्पॅचमध्ये आणि शेवटचे गिऱ्हाइकाच्या कारखान्यात ठेवलं, तर वर्षाअखेरीस हाती येणारा माणूस पदवीधराला ऐकणार नाही.

पालघर जिल्ह्याला अशी माणसं लवकरच लागणार आहेत. जेएनपीटी ते दादरी या सुमारे १५०० किलोमीटरच्या पश्चिम मालवाहतूक मार्गिकेची वाट याच जिल्ह्यातून जाते. वाढवण बंदराला केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पायाभरणी झाली, खर्चाचा आकडा ७६,२२० कोटी रुपये. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला वर्षानुवर्षं विरोध आहे आणि त्यांचं म्हणणं पोटाचं आहे. ते ऐकून घेणं हाही साखळीचाच भाग आहे. बंदर उभं राहिलं तर गोदामं येतील, कंटेनर यार्ड येतील, कस्टम्सची कामं येतील. त्या नोकऱ्या इथल्या मुलांना मिळायच्या तर तयारी आजच्या गाळ्यातून सुरू व्हायला हवी.

सुरुवात फुकट आहे. सोमवारी सकाळी स्टोअरकीपरने रजिस्टरमधून डोळे मिटून दहा वस्तू निवडाव्यात आणि रॅकवर जाऊन मोजाव्यात. किती जुळल्या तो आकडा वहीत लिहावा. दहापैकी सहा असतील तर सहा, लाज वाटू देऊ नये, आणि मालकाने त्यावर आवाज चढवू नये, नाहीतर पुढच्या सोमवारपासून दहाच्या दहा जुळू लागतील. ज्या चार चुकल्या त्यांच्यासाठी रात्रपाळीच्या फिटरकडे, टेम्पोवाल्याकडे, जॉबवर्कवाल्याच्या गाळ्यात स्वतः जायचं, काय झालं ते विचारायचं, आणि उत्तर त्याच वहीत त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायचं.